फोटोंना उजेड, फिल्मला अंधार: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचं प्रदर्शन कसं मांडावं

समजा, सांगलीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलांनी मिरजेच्या सतारमेकरांचे तीसेक फोटो काढलेत आणि बारा मिनिटांची फिल्मही केलीय. आता ते लोकांना दाखवायचंय. बहुतेक ठिकाणी एकच हॉल घेतात, भिंतींवर फोटो आणि समोर पडदा. फिल्म सुरू केली की फोटो दिसत नाहीत, दिवे लावले की पडदा पांढराफटक. पुढची सगळी आखणी या भांडणातून सुटायला हवी.

दोन खोल्या मिळाल्या तर प्रश्न मिटला. एकच असेल तर वेळ वाटून घ्या. फेब्रुवारीत इथे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून फोटो अकरा ते सहा आणि फिल्म सातला, एकदाच, सगळे बसलेले असताना. तारीख डिसेंबर ते फेब्रुवारीतली धरा. मार्चमध्ये परीक्षा असतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतल्या ओलीने प्रिंट वाकतात, आणि २०१९ सारखं कृष्णेचं पाणी चढलं तर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, काहीच ठरवता येत नाही.

आधी भिंत मोजा, मग फोटो निवडा. १२ बाय १८ इंचाचा आडवा फोटो आणि शेजारी १२ इंच मोकळी जागा, म्हणजे एका फोटोला अडीच फूट. तीस फोटोंना ७५ फूट भिंत लागली. साध्या वर्गात दारं, खिडक्या, फळा वजा जाता चाळीस फूट मिळाली तरी पुष्कळ. त्यात सोळाच फोटो बसतात. उरलेले चौदा दुसऱ्या ओळीत कोंबू नका, खालची ओळ बघायला कोणी वाकत नाही. कोणते गाळायचे यावर वाद होणारच. तो पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त प्रिंट जमिनीवर मांडून उरकावा, मोबाइलवर नाही.

या आकाराला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. २४०० बाय ३६०० असले तरी चार हात अंतरावरून खपतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो आक्रसलेला असतो, लॅबला मूळ फाइलच द्या. कागद मॅट घ्या, कारण ग्लॉसीवर ट्यूबलाइटची पट्टी उमटते. एक प्रिंट आधी काढून बघा: स्क्रीनवर नीट दिसणारी सावली कागदावर बऱ्याचदा काळीकुट्ट होते. मग ५ मिमीच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ पाटीवर) चिकटवून घ्या. ३ मिमीचा बोर्ड वाकतो.

डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेपचा भरवसा धरू नका. रात्रीतून रंगाच्या भुकटीसकट फोटो खाली येतात. खिळे ठोकायला परवानगी मिळणं अवघडच. मंडपवाल्याकडून बांबूची चौकट आणि राखाडी कापड घ्या, झालरीचं रंगीत कापड नको. सुतळी बोर्डाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधा, एकाच ठिकाणी बांधली की फोटो तिरका होतो. प्रत्येक फोटोचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर यावा. दोन टोकांना दोरा ताणून ती रेघ आखून घ्या, अंदाजाने लावलेली रांग लांबून लाटेसारखी दिसते.

फोटोओळीत ‘कलेची साधना’ असलं काही लिहू नका. ‘भोपळा कापताना, मिरज’ एवढं पुरतं. फोटोतल्या माणसांची लेखी परवानगी आधी घ्या आणि आमंत्रणही त्यांनाच पहिलं द्या.

आता पडदा. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, दिलेला असतो. तो १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर १२ फूट मागे हवा. पडद्याची खालची कड ४ फुटांवर ठेवा, नाहीतर सबटायटल पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. आणि सबटायटल चित्रातच पक्के करून फाइल काढा. दुसऱ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. फाइल ४ जीबीच्या वर गेली तर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ती उतरत नाही.

एचडीएमआय केबल १० मीटरच्या आत असू द्या. त्याहून लांब साधी केबल चित्र मध्येच घालवते. केबल जोडताच आवाज बहुधा प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे पळतो. सतारीची फिल्म त्यावर ऐकवणं म्हणजे पापच. सेटिंगमध्ये आवाज बाहेरच्या स्पीकरकडे वळवा, ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि रिकाम्या वर्गाचा घुमारा कमी करायला खाली सतरंज्या घाला. वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही, म्हणून तो यूपीएसवर हवा.

तिकीट लावून किंवा सर्वांना खुला खेळ करायचा असेल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. निमंत्रितांपुरता खेळ ठेवलेला बरा. पार्श्वभूमीला सिनेमातलं गाणं असेल तर काढा. विषयच वाद्यांचा आहे, संगीत तिथेच मिळेल.

आदल्या दिवशी संध्याकाळी सातलाच पूर्ण फिल्म लावून बघा. खिडकीच्या फटीतून येणारा रस्त्यावरचा दिवा दुपारच्या तालमीत कळत नाही.

उतरवल्यावर प्रिंट आडव्या रचा आणि मध्ये कोरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.