तळं रजेवर गेलं, हे कानाला कसं पटवायचं

स्टँड-अप करणारा एक कॉमेडियन, चार बोलकी माणसं आणि एक अशक्य कल्पना, एवढ्या भांडवलावर अर्ध्या तासाचा चक्रम रेडिओ-विनोद उभा राहतो. मी ठाण्यात चरईत राहते, ध्वनिसंकलन हा माझा व्यवसाय आहे, आणि अशा कार्यक्रमाची संहिता, आवाज आणि जोडकाम मी स्वतः करते. पद्धत सगळी सांगते. पण 'यात काहीही चालतं' असं धरून लिहायला बसू नका. चक्रम जगाला आपल्या जगापेक्षा कडक कायदे लागतात, आणि सगळी मेहनत ते कायदे पाळण्यात जाते.

आपल्या भाषेला हे नवीन नाही. मुक्ताबाईच्या अभंगात मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते, माशी व्याली तर घार होते, आणि ते पाहून मुक्ताई हसते. ज्ञानदेवांच्या नावावर असलेलं काट्याच्या अणीवरच्या तीन गावांचं रूपक तर लेखकाने वहीत उतरवून घ्यावं. दोन गावं ओसाड, तिसरं वसतच नाही. जे वसलं नाही तिथे तीन कुंभार येतात. दोन थोटे, तिसऱ्याला घडवता येत नाही. ज्याला घडवता येत नाही तोच मडकी घडवतो, जे भाजलं नाही त्यातच मूग रांधतात. प्रत्येक ओळ मागच्या ओळीतला नकार धरून पुढे जाते. त्यातला परमार्थ जाणत्यांनी उलगडावा. आपण ती साखळी घ्यायची.

म्हणून एका भागात अशक्य गोष्ट एकच ठेवा. आमच्या एका भागात ठाण्याचं मासुंदा तळं रजेवर जातं. तलावपाळीला, म्हणजे त्याच्या काठावर, आलेलं माणूस त्या पाण्याकडे पाहतच भेळ खातं, पण तळ्याला स्वतःला कधी समुद्र पाहायला मिळालेला नाही. म्हणून ते उठतं आणि ठाण्याहून वाशीची लोकल पकडतं. झालं, अशक्य संपलं. आता कायदा: तळं जिथे जाईल तिथे त्यातलं सगळं सोबत जातं. मासे जातात, होड्या जातात, आणि अर्ध्या तासाचे पैसे भरून होडीत बसलेली माणसंही जातात. त्या होडीत आमचा निवेदक, म्हणजे तो कॉमेडियन, आहे.

हा एक कायदा लिहिला आणि भागाचा सांगाडा आपोआप मिळाला. ठाणे-वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो, होडीची वेळ अर्धा तास, कार्यक्रमही तेवढाच. होडीवाल्याची शिट्टी झाली की परत फिरायचं. शेवट शोधत बसावं लागलं नाही. तुमच्या कायद्यातून शेवट निघत नसेल तर नवीन पात्र आणू नका, कायदा बदला.

दुसरी गोष्ट, बाकीच्या पात्रांनी आश्चर्य करायचं नाही. त्यांनी चिडायचं, पण रोजच्या कारणांवर. आमच्या डब्यातला प्रसंग असा आहे:

प्रवासी : हा फर्स्ट क्लास आहे.
तळं : माझ्याकडे पास आहे.
प्रवासी : बघू. हा कोपरखैरण्यापर्यंतचा आहे.
तळं : मला वाशीला जायचंय, दादा.
प्रवासी : मग कोपरखैरण्याला उतरा, तिकीट काढा आणि मागच्या गाडीने या.
निवेदक : अहो, ते तळं आहे!
प्रवासी : असेल. पास कुठपर्यंतचा आहे ते बोला.

यातल्या प्रवाशाने 'अरे बापरे, बोलणारं तळं!' म्हटलं असतं तर प्रसंग तिथेच बसला असता. ठाणे स्टेशनवर रोज उभा राहणारा माणूस कशाला हरकत घेतो, तेवढं लिहा: पासाला, ओल्या छत्रीला, चौथ्या सीटला. श्रोता ओळखीच्या हरकतीवर हसतो आणि हसता हसता तळं मान्य करतो.

आता निवेदक. स्टँड-अपवाला घ्यायचं कारण त्याचा लौकिक नव्हे. त्याच्याकडे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने बोलायची सवय असते. नट पात्र होतो. हा स्वतःच असतो, आणि वेड्या जगात एक खरा माणूस लागतोच. त्याचं नाव बदलू नका. त्याचा खरा गृहकर्जाचा हप्ता, आईचा 'जेवलास का' हा फोन, सगळं तसंच ठेवा. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं त्याला त्याचा नेहमीचा विनोदांचा सेट करू द्या. आमच्या भागात तो होडीत बसून रात्रीच्या शोची तालीम करत असतो, आणि तिसऱ्या विनोदाच्या ऐन टोकाला तळं उठतं. तो विनोद अर्धाच राहतो. भागभर तो पुरा करायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी कुणीतरी तिकीट, पास, जागा यावरून त्याला तोडतं. श्रोत्याला धरून ठेवायला हा धागा फार उपयोगी पडतो.

त्याची एक सवय मात्र सोडवावी लागते. मंचावरचा कॉमेडियन हशासाठी थांबतो, ते त्याच्या अंगात मुरलेलं असतं. बंद खोलीत हशा नसतो, मग तो घाबरतो आणि आवाज चढवतो. आमच्यात हे बोलणं दर वेळी होतं. तो म्हणतो, "अगं, पण इथे लोक हसतील ना, जागा सोडायला नको?" मी म्हणते, "ऐकणारा रिक्षात माजिवड्याच्या सिग्नलला अडकलाय. तू थांबलास तर त्याला वाटेल नेट गेलं." उपाय सोपा आहे: त्याच्यासमोर एकच माणूस बसवा आणि त्यालाच सगळं सांगायला लावा. त्या माणसाने मोठ्याने हसायचं नाही. आवाज खाली येतो, वाक्यं जवळची होतात. खोटा हशा मागाहून चिकटवू नका. त्याने श्रोत्याला कळतं की तळं खरं नव्हतं.

या प्रकाराचा मोठा पूर्वज बीबीसीवरचा 'द गून शो', १९५१ ते १९६० या काळातला. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन आपल्या नगरला जन्मला आणि त्याच्या बालपणाचा मोठा काळ पुण्यात गेला. जन्मतारीख १६ एप्रिल १९१८. १६ एप्रिल ठाणेकराला पाठ असते. १८५३ साली त्याच दिवशी बोरीबंदरहून पहिली आगगाडी आपल्या गावी आली. मला हा योग फार आवडतो. मिलिगनकडून आवाजाचा हट्ट शिकावा. त्याची एक गोष्ट सांगतात: त्याला एक विशिष्ट 'थप्प' हवा होता, म्हणून त्याने कँटीनमधून कस्टर्ड करवून घेतलं, स्वतःच्या मोज्यांत भरलं आणि ते मोजे प्लायवुडवर आपटले. हवा तो आवाज काही आला नाही. एवढं करूनही नापसंत आवाज नापसंतच ठरवायचा, हे त्यातून घ्या. पुढे १९५८ मध्ये सुरू झालेल्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने त्याच कार्यक्रमातल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटासाठी खास आवाज तयार केला. एका पात्राच्या पोटाला!

आमच्या तळ्यालाही पोट आहे. वीस लिटरचा पाण्याचा जार बादलीवर उलटा धरला की जी गुडगुड होते ते त्याचं पोट. गाडीने ब्रेक मारला की ती ऐकू येते. चालण्यासाठी भिजवलेला पंचा फरशीवर टाकत जायचा. सीटवर बसण्यासाठी तोच पंचा रेक्झिनच्या सोफ्यावर, आणि त्यामागोमाग परातीतल्या पाण्याचा एक हेलकावा. होडीची करकर हवी असेल तर जुनी लाकडी खुर्ची झुलवा. पाऊस हवा तर पावसात जाऊ नका. तापल्या तेलात वडे सोडा आणि माइक हातभर लांब धरा. इंटरनेटवर मिळणारे तयार आवाज घाईच्या वेळी चालतात, पण ते सगळे कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या खोलीत वाजलेले असतात. मराठी संवादाच्या मागे ते वेगळे पडतात.

तळ्याच्या बोलण्याखाली पाण्याचा आवाज सतत ठेवू नका. वाक्याच्या आधी एक हेलकावा, नंतर एक, मध्ये स्वच्छ माणसाचा आवाज. पाण्याखालून येणारा आवाज पहिल्यांदा गंमतीचा वाटतो, मग शब्द कळेनासे होतात आणि ऐकणारा दमतो. तळ्यासाठी आम्ही नाटकात काम करणारे एक वयस्क काका घेतले. त्यांना एवढंच सांगितलं, "काका, तुम्ही निवृत्तीला आलेले हेडक्लार्क आहात आणि तुमची एकही रजा आजवर मंजूर झालेली नाही." पाणी त्यांना वाजवावंच लागलं नाही.

आवाज निवडताना डोळे मिटून निवडा. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर बाळ कुडतरकरांनी आवाज दिलेलं पात्र, टेकाडे भावजी, बोलायला लागले की नाव सांगावं लागत नसे. तुमच्या संहितेतली नावं झाकून कोण बोलतंय ते कळायला हवं. दोन आवाज सारखे असतील तर एका पात्राला घाईत ठेवा आणि दुसऱ्याला सारखं मोजायला लावा.

ध्वनिमुद्रणाचं थोडक्यात: छोटी खोली, भिंतींवर गोधड्या, पंखा आणि फ्रिज बंद. मुद्रणाच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाचं सगळ्यात मोठं टोक मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. ऑडॅसिटी हे ध्वनिसंकलनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि पुरतं. लोकलच्या घोषणा रेल्वेच्या वापरू नका, आपल्याच एखाद्या मुलीकडून तशा लयीत बोलून घ्या; मग दिघागाव, ऐरोली, रबाळे म्हणता म्हणता ती घोषणा तळ्याशी भांडूही शकते. सिनेमाची गाणी तर नकोच, त्यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. पेटीवाला बोलवा आणि त्याला त्याचं मानधन द्या.

जोडताना आधी नुसते संवाद लावून ऐका. ध्वनी नसतानाही तळं कुठे आहे, बसलंय की उभं आहे, हे कळलं पाहिजे. जिथे कळत नाही तिथे संवाद दुरुस्त करा, आवाज वाढवून ते झाकलं जात नाही. मग घरातल्या कुणालातरी भांडी घासताना ऐकवा. नळ जिथे बंद करून कान दिला जातो त्या जागा लिहून ठेवा. जिथे 'काय म्हणाला?' असं विचारलं जातं त्या जागाही लिहा. दुसऱ्या यादीतलं बहुतेक कापायचं असतं.

पॉडकास्टसाठी शेवटची पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवा. सोसायटीच्या गणपतीत मंडपात वाजवणार असाल तर वेगळी प्रत काढा: कर्ण्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, त्यामुळे तळ्याचा आवाज पातळ होतो आणि पोटाची गुडगुड नाहीशी होते. त्या प्रतीत तळ्याच्या आवाजातला मधला पट्टा, म्हणजे खर्ज आणि तार यांच्या मधला भाग, उचला, गुडगुडीच्या जागी परातीचा हेलकावा घाला, आणि सरकारने सूट दिलेला दिवस नसेल तर रात्री दहाच्या आत शिट्टी वाजेल अशा बेताने सुरू करा.