पास तुटला की आधीचे दोन सेकंद बघा: फुटबॉल शिकवताना या चुका टाळा

पास तुटला की बाजूरेषेवरून हाक येते, ‘नीट मार रे!’ मुलगा पुढचा पास जपून मारतो, म्हणजे हळू मारतो, आणि तो आधीच्यापेक्षा सहज कापला जातो. असे पास मोबाइलवर चित्रित करून सावकाश बघा. बॉल यायच्या आधी मुलाने एकदाही मागे वळून पाहिलेलं नसतं. देणाऱ्याकडे छाती करून तो ताठ उभा असतो आणि बॉल पायात आल्यावर ‘आता कुणाला देऊ’ म्हणून शोधायला लागतो. तोवर डिफेंडर अंगावर आलेला असतो. पायाने केली ती शेवटची चूक. तिच्या आधी दोन होऊन गेलेल्या असतात.

समोरासमोर दोन रांगा

मध्ये दहा मीटर अंतर, बॉल इकडून तिकडे. अंग मोकळं करायला पाच मिनिटं चालेल. अर्धा तास हेच केलं तर मुलं फक्त रांगेतला पास शिकतात, कारण इथे आडवा येणारा कुणी नाही आणि निवडायचंही काही नाही.

त्याऐवजी चार विरुद्ध एक खेळवा, ज्याला रोंडो म्हणतात. ८ बाय ८ मीटरचा चौकोन, चार बाजूंवर चौघे, आत एक. खुणेचे प्लास्टिकचे कोन नसतील तर नारळाची सोडणं, म्हणजे वरची केसाळ सालं, ठेवा. करवंट्या नकोत, फुटलेली कड पाय कापते. यातही दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, मुलं कोपऱ्यात जाऊन रुततात. कोपऱ्यातल्याला डिफेंडर एका पावलात झाकून टाकतो. आपापल्या बाजूवर सतत सरकायचं, म्हणजे बॉलवाला आणि आपण यांच्या मध्ये डिफेंडर येणार नाही. दुसरी, चौकोनाचं माप पहिल्या दिवशी ठरतं आणि वर्षभर तेच राहतं. तीन-चार पासांत बॉल तुटत असेल तर प्रत्येक बाजू १ मीटरने वाढवा. दहा-बारा पास आरामात होत असतील तर १ मीटरने कमी करा. तेही जमलं की मग १० बाय १० मध्ये चार विरुद्ध दोन.

‘एकाच टचमध्ये खेळा’ ही अट लवकर लावू नका. मुलं डोळे मिटून बॉल ढकलायला लागतात, आणि थांबवायचा, वळायचा की लगेच द्यायचा, हा जो निर्णय शिकवायचा होता तोच बाद होतो. आतला खेळाडू ४० ते ६० सेकंदांनी बदला. दमलेला डिफेंडर नुसता चालत राहतो आणि बाहेरच्यांना आपण फार छान खेळतोय असं वाटतं.

‘मान वर कर!’

ही सूचना चुकीची नाही, ती उशिरा दिली जाते. बॉल पायात आल्यावर मान वर केली तर दिसतं ते निस्तरायला वेळ नसतो. बघायचं ते बॉल दुसऱ्या दोघांमध्ये फिरत असताना. सोबत्याने बॉलला पाय लावला आणि बॉल त्याच्या पायापासून सुटला की तो लगेच दिशा बदलू शकत नाही. तेवढ्या अर्ध्या सेकंदात खांद्यावरून मागे एक नजर टाकायची. पास आपल्याकडे निघाल्यावर जमली तर आणखी एक. गायर यॉर्डेट या नॉर्वेजियन संशोधकाने इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं बॉल मिळण्याआधीचं हे बघणं मोजलं होतं. जास्त वेळा बघणाऱ्यांचे पास जास्त पूर्ण होत होते.

सराव असा घ्या: अ पास देतो, ब मध्ये उभा, क हा ब च्या पाठीमागे ५ मीटरवर. अ ने पाय मागे घेतला की क एक ते तीन बोटं वर करतो. बॉल पोचायच्या आत ब ने आकडा ओरडायचा. दोन-तीन दिवसांत सगळ्यांना जमतं आणि इथेच पुष्कळ प्रशिक्षक फसतात. मुलं बोटं बघायला शिकलेली असतात, मैदान बघायला नाही. म्हणून चौथ्या दिवशी बोटं बंद. आता क कधी जागेवर थांबेल, कधी पाठीला येऊन चिकटेल. थांबला तर ब ने वळून पुढे जायचं, चिकटला तर अ ला परत द्यायचं. सांगायचं कुणीच नाही.

छाती देणाऱ्याकडे

आपल्याकडे याचं मूळ क्रिकेटमध्ये आहे. शाळा सुटली की पोरं टेनिस बॉल क्रिकेटला जातात, आणि फिल्डरने शरीर बॉलच्या मागे आणून तो अडवायचा हे अंगात मुरलेलं असतं. तिथे ते बरोबर. फुटबॉलमध्ये तसं उभं राहिलं की अर्धं मैदान पाठीमागे गेलं. मुलाला कूस बदलायला लावा. एक खांदा देणाऱ्याकडे, दुसरा जिकडे जायचं तिकडे, आणि बॉल घ्यायचा देणाऱ्यापासून लांबच्या पायाने. मग वळायला वेगळं पाऊल टाकावं लागत नाही.

मात्र ‘नेहमी लांबचा पाय’ असा मंत्र करू नका. पाठीला डिफेंडर चिकटलेला असेल तर आडवं होऊन अंग मध्ये घालायचं आणि बॉल त्याच्यापासून दूरच्या पायावर ठेवायचा. देणाऱ्याच्या पासातही निरोप असतो: लांबच्या पायावर दिलेला पास म्हणजे ‘वळ’, मागे डिफेंडर चिकटलेला असताना त्याच्यापासून दूरच्या, सुरक्षित पायावर दिलेला म्हणजे ‘परत दे’. हे दोघांनी मिळून शिकायचं असतं.

पहिला टच आणि पुळण

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, खेळलेल्या मुलांचा बॉल टर्फवर पायापासून दोन मीटर उडतो. वाळू अर्धा वेग खाते, त्यामुळे पायाला बॉलचा जोर मवाळ करायची सवयच लागत नाही. शिवाय तळव्याखाली बॉल दाबून थांबवायची खोड असते. थांबलेला बॉल म्हणजे डिफेंडरला आमंत्रण. टच असा हवा की बॉल जायच्या दिशेला अर्धा ते एक मीटर सरकेल. इथे ‘पाय सैल सोड’ असं सांगितलं जातं आणि मुलं घोटा सैल सोडतात, मग बॉल कुठेही जातो. घोटा घट्टच. बॉल लागताना गुडघ्यापासून पाय किंचित मागे घ्यायचा.

पुळणीवर सराव करायचाच तर ओहोटीने उघडा पडलेला ओला, घट्ट पट्टा निवडा. वेळ कायमची ‘रोज पाच’ ठेवू नका. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, हा हिशेब किनाऱ्यावरच्या घरांत ठाऊक असतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती बाराच्या आसपास येते आणि ओहोटी साधारण सहा तासांनी, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला पाणी खाली आणि मैदान मोठं, अष्टमीला त्याच वेळी पाणी वर. मैदानाची लांबी पाण्याच्या रेषेला समांतर आखा. नाहीतर समुद्राकडचा प्रत्येक पास उताराने पळतो आणि मुलाला वाटतं आपला जोर चुकला.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, किंवा कापणी झालेल्या मळ्यात उलटं होतं. बॉल उसळतो, कापलेल्या पिकाच्या बुडख्यांवर आपटून दिशा बदलतो. अशा जागी बॉलमधली हवा थोडी कमी ठेवा. नियमातली मुभा ०.६ ते १.१ बार आहे, खालच्या टोकाजवळ राहा. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा बॉल द्या. ५ नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. तो लांब पोचवायला लहान मूल पाठीत वाकून मागे झुकतं आणि तीच सवय पुढे राहते.

पायाचीच चूक असेल तेव्हा

बॉल उगाच उचलला जातोय: टेकलेला पाय बॉलच्या मागे राहिलाय किंवा अंग मागे झुकलंय. टेकलेला पाय बॉलच्या बाजूला, १० ते १५ सेंटिमीटरवर हवा. बॉल आडवा फिरत जातोय: घोटा सैल आहे किंवा टेकलेल्या पायाचा अंगठा दुसरीकडे बघतोय. बॉल पोचतच नाही: मारणारा पाय बॉलला लागून तिथेच थांबतोय, तो लक्ष्याकडे पुढे जायला हवा.

‘पसरा रे, पसरा!’

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना सगळे दोराला लागतात तशी सगळी पोरं बॉलला लागतात. सहा-सात वर्षांची असतील तर लागू द्या, त्या वयात ते स्वाभाविक आहे. नऊच्या पुढे मात्र ओरडून पसरवण्यात अर्थ नाही, कारण मुलं मग दूर जाऊन नुसती उभी राहतात. दूर जाणं म्हणजे मोकळं होणं नव्हे. डिफेंडरच्या मागे त्याच्या सावलीत उभा असलेला मुलगा पंधरा मीटर दूर असला तरी बॉलवाल्याला उपयोगाचा नाही. दोन पावलं बाजूला सरकला की तोच पास खुला होतो. विचारायचं एवढंच: ‘बॉलवाल्याचे पाय तुला दिसतायत का?’

खेळ चार विरुद्ध चार ठेवा, साधारण २५ बाय २० मीटर. मैदान उभं तीन पट्ट्यांत वाटा आणि एका संघाचे दोनपेक्षा जास्त खेळाडू एका पट्ट्यात नकोत असा नियम करा. पंधरा मिनिटांनी नियम काढा आणि काय टिकतं ते बघा. जवळच्या आधाराला ८ ते १२ मीटर अंतर पुरतं. त्याहून लांब गेलं तर या वयात जमिनीवरचा पास वाटेतच मरतो.

राहिली बाहेरची कॉमेंटरी. ‘दे! मार! उजवीकडे!’ हे ऐकत खेळणारा मुलगा कानाने खेळतो आणि डोळे वापरायचे सोडून देतो. खेळ थांबवायचाच तर वीस सेकंद थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘बॉल यायच्या आधी तुझ्या मागे कोण होतं?’ उत्तर आलं नाही तर तेच परत खेळवा. सामन्याच्या दिवशी घसा फोडण्यापेक्षा एका पालकाच्या हातात वही द्या. दर पाच मिनिटांना एक खेळाडू, आणि त्याने बॉल मिळण्याआधी मागे पाहिलं की एक रेघ.