पाण्याचं पिंप: भरणं, घासणं, झाकणं

मुंबईत नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. म्हणून सुरुवातीचं गढूळ पाणी बादलीत धरून संडास-मोरीला वापरा, स्वच्छ धार आली की मगच पिंप भरा.

पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करायलाच हवं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात. कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. ताठ ब्रशने आतली भिंत, काठ आणि झाकणाची खालची बाजू खरवडून घासा, धुवा, पालथं घालून कडकडीत वाळवा. झाकण सैल असेल तर वर दुहेरी सुती कापड ताणून बांधा.

पिण्याचं पाणी वेगळं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी गाळून खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या आणि झाकूनच निववा. त्यात पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.