बाहेरगावच्या मित्रांसोबत निवांत बसायला रेस्टॉरंट कसं निवडावं

बाहेरगावचे मित्र चार दिवसांसाठी येतात आणि त्यातली एखादीच संध्याकाळ सगळ्यांना जमते. कित्येक वर्षांचं बोलायचं साठलेलं असतं. कुणीतरी "व्ह्यू भारी आहे" म्हणून एक जागा सुचवतं, सगळे तिथे जातात आणि अर्धा वेळ "काय म्हणालास? परत सांग" यातच जातो. हे टाळता येतं, पण त्याआधी एक अडचण समजून घ्यायला हवी. मोठमोठ्या काचा, गुळगुळीत फरशी, उंच उघडं छत यांमुळे जागा देखणी दिसते, आणि आवाज घुमतो तोही त्यांच्यामुळेच. त्यामुळे नुसतं रेस्टॉरंट ठरवून भागत नाही. कुठलं टेबल, कुठला वार आणि किती वाजता, इथपर्यंत ठरवावं लागतं.

आधी माणसं

जागा शोधायला लागण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: एकूण किती जण, उतरलेत कुठे, जिने चढताना कुणाला त्रास होतो का, आणि कुणाला कमी ऐकू येतं का. शेवटचा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि संध्याकाळ बिघडते ती बहुधा तिथेच. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येऊ लागतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत येतात. अशा माणसाला शांत खोलीत सगळं कळतं, गलक्यात मात्र वाक्यातले निम्मे शब्द निसटतात. दोनदा "काय?" विचारून झालं की तिसऱ्यांदा तो विचारत नाही, नुसता हसून मान डोलावतो. ज्याच्यासाठी सगळे जमले तोच गप्पांतून बाहेर पडलेला असतो, आणि बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नाही.

मित्र दूरच्या देशातून आले असतील तर आल्या दिवशीची रात्र सोडून द्या. शरीराचं घड्याळ जुळायला वेळेतल्या दर तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस लागतो, पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर थोडा जास्तच. त्यांच्या डोळ्यांवर झोप नसेल अशी वेळ त्यांनाच विचारून ठरवा.

संख्येचं गणितही महत्त्वाचं आहे. एका गप्पेत साधारण चार माणसं मावतात. रॉबिन डनबार हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोकांच्या गप्पांच्या निरीक्षणांवरून हेच मांडलं होतं. पाचवा आला की गप्पांचे दोन घोळके होऊ लागतात. चौघांना ९० सेंटीमीटर व्यासाचं गोल टेबल पुरतं, सहा जणांना १२०. आठ जणांना १५० लागतं, आणि मग समोरचा इतका लांब जातो की शांत खोली नसेल तर त्याच्याशी बोलणं होतच नाही. लांबलचक टेबलाच्या दोन टोकांची माणसं तर निघतानाच एकमेकांना भेटतात. आठ जण असतील तर चौघांची दोन टेबलं शेजारी शेजारी घ्या आणि निम्मं जेवण झाल्यावर जागा बदला.

कानांची परीक्षा

मीटरभर अंतरावरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबल भरतं. आजूबाजूचा गलबला त्याच्या खाली असेल तर मजेत बोलता येतं. तो ७० ला पोचला की पुढे झुकावं लागतं, ७५ च्या पुढे गेला की घसा ताणावा लागतो. भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये ८० ही काही नवलाची गोष्ट नाही. मोबाइलवर आवाज मोजणारी अॅप मिळतात. त्यांचा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण एकाच फोनने दोन-तीन जागा मोजल्या तर तुलना नीट होते. अॅप नको असेल तर साधी चाचणी करा: सोबतच्या माणसाला टेबलापलीकडे बसवा आणि नेहमीच्या आवाजात आठ आकडी नंबर सांगायला लावा. एकही आकडा परत विचारावा लागला तर ती जागा गप्पांच्या कामाची नाही.

ही चाचणी ज्या वाराला आणि ज्या वेळेला जायचं आहे तेव्हाच करायला हवी. शनिवारच्या रात्रीसाठी मंगळवारी दुपारी पाहणी करून काही कळत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये दाखवून दिलं. आजही त्याला लोंबार परिणाम म्हणतात. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचं टेबल चढवतं, मग त्याच्या शेजारचं. खोलीत माणसं दुप्पट झाल्याने आवाज ३ डेसिबलनेच वाढायला हवा, प्रत्यक्षात तो त्याहून जास्त वाढतो, तो यामुळे. सात वाजता शांत वाटलेली जागा साडेआठला ओळखू येत नाही. उपाय दोन: आडवार निवडा, नाहीतर गर्दी भरण्याच्या दीड तास आधी बसा.

आत शिरल्यावर आधी वर बघा, मग खाली. वर उघडा स्लॅब, खाली फरशी, एका बाजूला काच आणि लाकडी खुर्च्या असतील तर आवाजाला जिरायला जागाच नाही. एक चुटकी वाजवून बघा. ती तिथल्या तिथे विरली तर ठीक; तिच्यामागे शेपूट ऐकू आलं तर जेवणाच्या गर्दीत तिथे कल्लोळ होणार. जाड पडदे, गालिचा, कापडी गाद्यांच्या खुर्च्या, बारीक छिद्रांचं छत, भरलेली पुस्तकांची शेल्फं आवाज शोषतात. झाडांच्या चार कुंड्यांनी तसा फरक पडत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत.

टेबल अरुंद असलेलं बरं. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचा आवाज ६ डेसिबलने जास्त पोचतो. म्हणून समोरासमोर बसायला ७० ते ८० सेंटीमीटर रुंदीचं टेबल हे ऐसपैस, शाही टेबलापेक्षा गप्पांना कितीतरी चांगलं. उंच पाठीच्या गादीदार बाकांची जागा मिळत असेल तर ती आधी धरा. मागच्या टेबलाचा आवाज त्या पाठीतच बराचसा अडतो.

टाळायच्या जागा ठरलेल्या आहेत: स्वयंपाकघराचं दार, कॉफी मशीन, बिलाचं काउंटर, स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट, डोक्यावरचा स्पीकर, एसीचा झोत, आणि वेटर जिथे ताटं-चमचे रचतात तो कोपरा. हा शेवटचा कोपरा रिकामा असताना अगदी निवांत दिसतो. गिऱ्हाईक वाढलं की तिथे दर मिनिटाला भांडी आपटतात.

उघड्यावर बसण्याचा मोठा फायदा म्हणजे आवाज वर निघून जातो, घुमत नाही. तिथे त्रास वेगळा: रस्ता, जनरेटर, वारा. पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या छपराखाली पाऊस आला तर बोलणंच थांबतं. पाण्याजवळची जागा अंतरावर ठरते. आठ-दहा मीटरवर कारंजं असेल तर शेजारच्यांची बडबड त्यात झाकली जाते. दोन मीटरवर असेल तर आपलीच झाकली जाते. आणि संथ पाण्यापाशी तिन्हीसांजेला डास येतात, तेव्हा तिथे पंखे आहेत का ते बघून ठेवा.

डोळ्यांसाठी

देखावा बाजूला हवा आणि माणूस समोर. बसण्याची मांडणी एवढ्यावरच करा. टेबलाची अरुंद कड खिडकीला टेकलेली असेल तर समोरासमोर बसलेल्या दोघांनाही मान जराशी वळवली की बाहेरचं दिसतं आणि चेहऱ्यावर एका बाजूने छान उजेड पडतो. टेबल खिडकीला समांतर असेल तर एका रांगेची खिडकीकडे पाठ होते. त्यांचे चेहरे काळे पडतात, समोरच्यांचे डोळे दिपतात. ज्याला कमी ऐकू येतं तो ओठांवरून बरंच ओळखत असतो. त्याच्या समोरचा चेहरा अंधारात गेला तर त्याची उरलीसुरली मदतही जाते.

सूर्यास्त बघायचा असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली दिशा. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. एरवी तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो, विषुववृत्तावर साडेतेवीस अंशांपर्यंत आणि तिथून लांब गेल्यावर त्याहूनही जास्त. त्यामुळे जूनमधल्या फोटोत पाण्यावर मावळणारा सूर्य डिसेंबरमध्ये शेजारच्या इमारतीमागे जाऊ शकतो. फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते बघा.

दुसरी गोष्ट वेळ. हात सरळ पुढे ताणा आणि क्षितिज व सूर्य यांच्यामध्ये आडवी बोटं मोजा: एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं, चार बोटांना तास. ध्रुवांकडच्या प्रदेशात सूर्य तिरका उतरतो, तिथे जास्त वेळ लागतो. बुकिंग सूर्यास्ताच्या तासभर आधीचं घ्या. म्हणजे पहिली ऑर्डर देऊन होते, सूर्य मावळेपर्यंत पहिलं वाढणं आलेलं असतं, आणि नंतरचा संधिप्रकाशाचा वेळ निवांत हाताशी राहतो. हा अर्धा-पाऊण तास खरा सुंदर, तो मेनूकार्ड वाचण्यात घालवू नका. पश्चिमेची काच असेल तर सूर्यास्ताआधीचा तासभर ऊन थेट अंगावर येतं. पडदा किंवा गुंडाळता येणारी चीक आहे का ते विचारा.

अंधार पडल्यावर एक फजिती हमखास होते. आत उजेड आणि बाहेर काळोख झाला की काचेचा आरसा होतो. दरी, समुद्र, झाडी यांतलं काही दिसत नाही. दिसतात आपलीच ताटं आणि मागचा दिवा. रात्रीची भेट असेल तर काचेआडची दरी सोडा आणि उघडी गॅलरी किंवा गच्ची बघा, नाहीतर जिथून शहराचे, पुलाचे, बंदराचे दिवे दिसतात अशी जागा घ्या. आतले दिवे टेबलाच्या उंचीवर, मंद आणि झाकलेले असतील तर काचेतूनही दिवे चांगले दिसतात. भेट रात्रीच होणार आणि अशी जागा मिळत नसेल, तर देखाव्याचा हट्ट सोडून शांतता घ्यावी. मित्र देखाव्यासाठी आलेले नसतात.

फोनवर विचारायचं ते

ग्राहकांनी काढलेले फोटो रेस्टॉरंटच्या फोटोंपेक्षा खरे असतात, कारण त्यांत छत, स्पीकर, गर्दी सगळं येतं. अभिप्राय वाचताना तीन तारेवाले वाचा. पाच तारेवाले खूश असतात, एक तारेवाले भांडून आलेले असतात. "जागा छान पण संगीत फार मोठं" हे वाक्य तीन तारेवाल्यांतच सापडतं.

फोन दुपारचं जेवण संपल्यावर आणि रात्रीची गडबड सुरू होण्याआधी करा, म्हणजे नीट उत्तर मिळतं. "व्ह्यू टेबल मिळेल का?" असं मोघम विचारलं की "हो" येतं आणि मग तिसऱ्या रांगेत बसवतात. विचारा: खिडकीलगत किती टेबलं आहेत, त्यातलं कितव्या नंबरचं आमच्या नावावर ठेवताय, आणि ते नक्की की "प्रयत्न करू"? त्या रात्री गाणंबजावणं, सामन्याचा स्क्रीन किंवा मोठ्या ग्रुपची पार्टी आहे का? टेबल किती वेळ आमचं? दीड तासात उठवणार असतील तर जुन्या मित्रांसाठी ती जागा नको. किमान तीन तास हवेत. उघड्यावरची जागा असेल तर पाऊस आल्यावर आत टेबल देणार का, हेही. उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा आणि आदल्या दिवशी एकदा खात्री करा. त्या दिवशी रेस्टॉरंट बंद असेल तर तेही तेव्हाच कळतं.

पोचल्यावर

मित्रांच्या पंधरा मिनिटं आधी जा. प्रत्येक खुर्चीवर अर्धा मिनिट बसून बघा: कुठे ऊन येतं, कुठे एसी मानेवर येतो, टेबल डुगडुगतंय का. बदलून हवं असेल तर पाणी यायच्या आत सांगा. ऑर्डर गेल्यावर वेटरलाही ते अवघड होतं. संगीत कमी करायलाही तेव्हाच सांगावं, कारण जागा भरल्यावर आवाज वाढवायचाच त्यांचा कल असतो.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मित्राची खुर्ची आधी ठरवा. बऱ्याच यंत्रांचे माइक समोरचा आवाज जास्त पकडतात, म्हणून गर्दी त्याच्या पाठीशी आणि बोलणारी माणसं उजेडात त्याच्या समोर असावीत. यंत्र नसेल आणि एकाच कानाने कमी ऐकू येत असेल तर चांगला कान मंडळींकडे येईल असं टोक द्या. देखाव्याच्या खुर्च्या पाहुण्यांना, पाठमोरी खुर्ची गावातल्या माणसाने घ्यावी.

खाण्याची ऑर्डर दोनच खेपांत द्या, दर दहा मिनिटांनी एकेक सांगत बसलं की प्रत्येक गोष्ट मधेच तुटते. बिल आपण देणार असाल तर मित्र यायच्या आत काउंटरवर तसं सांगून ठेवा. शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात तेही तेव्हाच विचारा, आणि पाच मिनिटांच्या अंतरावर बसता येईल असा कट्टा, बाक किंवा चालायला उजेडाची वाट आहे का ते बघून ठेवा. बिल आल्यावर कुणीतरी एखादा विषय काढतो आणि मग तासभर कुणाचा पाय निघत नाही.