पित्त खवळलं की बीपी? मेक्सिकन मैत्रिणींसाठी थोडंसं

सॅन दिएगोला एका क्लिनिकमध्ये मी शनिवारी बीपी मोजायला बसते, येणाऱ्या बहुतेक मेक्सिकन बायका. आधी सरळ विचारायचे, राग येतो का हो? उत्तर ठरलेलं, नाही गं, मी शांत आहे. मग तिथल्याच एकीने सांगितलं, असं नको विचारूस, "कोराहे" (स्पॅनिशमध्ये राग) होतो का विचार. झालं, नवरा, सासू, दोन दोन नोकऱ्या, सगळं भडाभडा बाहेर. आणि कोराहे गिळला की म्हणे "बिलिस" होतं, म्हणजे चक्क पित्त! आपलंही पित्तच खवळतं की.

तर तुमची अशी कुणी शेजारीण किंवा कलीग असेल तर पहिलं काम हेच, तिच्या शब्दात विचारा.

मग बीपी. भांडण झाल्या झाल्या मोजून घाबरू नका. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि आकड्याशेजारी लिहायचं आज काय झालं ते. इथे 130/80 पासून वर सारखं येत राहिलं तर हाय धरतात, मग डॉक्टरकडे जायचंच.

न्यूयॉर्कला 280 निरोगी लोकांचे गट केले, त्यातल्या एका गटाला आठ मिनिटं एखादी राग आणणारी गोष्ट आठवायला लावली, तर त्यांच्या रक्तवाहिन्या नीट फुलायला 40 मिनिटांपर्यंत त्रास होत होता (2024 चा रिसर्च). नुसत्या आठवणीने! म्हणून मैत्रिणीकडे तेच तेच उगाळणं आणि उशीवर बुक्के मारणं, दोन्ही मला पटत नाही. त्यापेक्षा श्वास सावकाश सोडा, जरा पडा, डोकं थंड झाल्यावर एकच गोष्ट मागा, "उद्यापासून भांडी तू घास" इतकी साधी. मेक्सिकन घरांत बाईने सोसायचंच असतं, त्याला "आग्वान्तार" म्हणतात, त्यामुळे हे एक वाक्य बोलायलाच महिना लागतो कधीकधी.

राग येऊन जातो, पण मनात अढी बसली, सगळे आपल्या वाईटावर टपलेत असं वाटत राहिलं की ते वर्षानुवर्षं हृदयाला जड जातं, झोप जाते, सिगरेट वाढते. पण भाषेवरून, कागदपत्रांवरून जिला खरंच वाईट वागणूक मिळालीये तिला "पॉझिटिव्ह विचार कर" सांगायला जाऊ नका हं, तिचं काय चुकलं?

आणि बिलिस बिलिस म्हणत मान्सानियाचा, म्हणजे कॅमोमाइलचा, चहा पीत बसण्यात एक धोका आहे. छातीत दाब, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, दम लागणं, घाम, विनाकारण प्रचंड थकवा, बायकांचा हार्ट अटॅक असाही येतो. यातलं काही अचानक झालं तर लगेच 911 ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन, स्वतः गाडी चालवत जायचं नाही, आणि फोनवर "एस्पान्योल" एवढं म्हटलं तरी दुभाष्या जोडून देतात.