कॉक्स१७ प्रथिन हाताळताना

मानवी कॉक्स१७ म्हणजे जेमतेम ६३ अमिनो आम्लांचं, सुमारे ७ किलोडाल्टनचं प्रथिन. तांबं एससीओ१ आणि कॉक्स११ या दुसऱ्या दोन प्रथिनांना पोचवतं.

ट्यूब बर्फावर वितळवा, क्षणभर सेंट्रिफ्यूज करा, १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा. पुन्हापुन्हा गोठवू नका.

खरी फसगत मोजणीत होते. २८० नॅनोमीटरचा प्रकाश मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं शोषतात; यात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिनही नाही. म्हणून त्या प्रकाशात मोजलं तर आकडा जवळपास शून्य येतो आणि प्रथिनच गेलं असं वाटतं! प्रथिन मोजायला ब्रॅडफर्ड ही रंग-चाचणी वापरा, बीसीए ही दुसरी रंग-चाचणी नको, ती डीटीटीने (डायसल्फाइड म्हणजे गंधक-गंधक बंध तोडणाऱ्या रसायनाने) बिघडते.

बफरमध्ये ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन) नको, तांबं ओढून घेतं. डीटीटीही बेतानेच: जास्त झालं तर डायसल्फाइड बंध तुटून एकाऐवजी चार तांबे-आयन धरणारं रूप होतं. प्रथिन आकारानुसार वेगळं करून पाहायला जेल ट्रायसिनची, १६ टक्के. साध्या ग्लायसिन जेलवर पट्टा फिसकटतो.