पृथ्वीचा इतिहास शिकवताना या चुका टाळा: सुतळी, विहीर आणि तीन मिलिमीटरचा माणूस

दर वर्षी पोळ्याच्या सुमारास माझ्या टेबलावर एखादं तरी डायनासोरचं अंडं येऊन बसतं. पोरं ते नाल्यातून, बांधावरून उचलून आणतात. गोल, जड, तपकिरी, आणि नखाने खरवडलं की कांद्यासारखा पापुद्रा सुटतो. पहिल्या वर्षी मी "हट, साधा दगड आहे" म्हणालो, तो खिडकीत ठेवला आणि पाठ पुढे रेटला. आणणाऱ्या पोराने त्यानंतर वर्षभर काही आणलं नाही. चूक माझीच होती.

तो दगड साधा नसतो. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, थंड होताना तडकतो. त्या भेगांतून पाणी शिरतं. कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी पाणी लागतं म्हणून ते आधी झिजतात, आणि चौकोनी तुकडा हळूहळू गोल होत पापुद्रे टाकतो. हे वर्गात सांगू नका, करून दाखवा. एका पोराला पापुद्रा काढू द्या आणि विचारा, "आत काय निघेल?" आत दगडच निघतो, पण तोवर अख्खा वर्ग टेबलाभोवती जमलेला असतो.

मग पुढचा प्रश्न येतोच: "सर, मग आपल्याकडे हाडं का नाही सापडत?" इथे थाप मारू नका. खानदेशचा बहुतेक भाग लाव्हाच्या थरांवर वसलाय. उकळत्या लाव्हात सापळा टिकत नाही. हाड टिकायला गाळ लागतो, तोही पटकन झाकणारा. म्हणून डायनासोरचे अवशेष गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीला मिळाले, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग परिसरात मिळाले आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला मिळाले.

ज्वालामुखी म्हणजे टोकदार डोंगर

फळ्यावर ज्वालामुखी काढायला सांगा. चाळीसपैकी चाळीस पोरं शेंड्यातून धूर सोडणारा डोंगर काढतील. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पाण्यासारखा पसरला. थरावर थर चढले, आणि आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. धुळे-नंदुरबारकडची पोरं नशीबवान. तिथे माळावर दगडाच्या सरळ भिंती उभ्या दिसतात. भेगेत अडकून थिजलेला लाव्हा तो. आजूबाजूचा खडक झिजून गेला, भिंत उरली. चाळीसगावच्या पोरांना कन्नड घाटात बसच्या खिडकीतून थरांच्या पायऱ्या मोजायला लावा, सहलीला गाण्यांच्या भेंड्या नंतरही खेळता येतील.

सगळ्यात चांगलं पुस्तक मात्र विहीर. "घरी आजोबांना विचारून या, विहीर खोदली तेव्हा काय काय निघालं." पारोळ्याकडचं पोर सांगतं: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे पाषाणाहून मऊ खडक, खाली सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातलं पोर सांगतं: बोअर शेकडो फूट गेला तरी गोटे, रेती, चिकणमाती, पाषाण लागलाच नाही. एकाच जळगाव जिल्ह्यात असं का? तापीचं खोरं भूकवचातल्या मोठ्या भेगांच्या कडेने खचलं आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यानाल्यांनी त्यात गाळ भरला. खालचं जुनं, वरचं नवं, हा नियम पोरांना त्या दोन विहिरींतून आपोआप कळतो. फक्त याचा 'उपक्रम' करू नका. प्रस्तावना, उद्दिष्टे आणि समारोप लिहायला लावलं की आजोबा गायब होतात आणि गाइडमधली वाक्यं येतात.

एका शून्याचा घोळ

आंतरजालावरची माहिती मिलियन-बिलियनमध्ये असते, आपण लाख-कोटीत मोजतो. 66 मिलियन म्हणजे 6.6 कोटी, पोरं 66 कोटी लिहितात, कधी 66 लाख. शिक्षकही लिहितात, मीही लिहिलंय, तेही फळ्यावर, आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. आकडे आधी बदलून एका पाटीवर लावून ठेवा: पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं, डायनासोरांचा शेवट 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आपल्या जातीचा माणूस सुमारे 3 लाख वर्षांचा.

ही वयं 'कार्बन डेटिंगने' काढली असंही सरसकट सांगतात. कार्बन-14 च्या पद्धतीने जेमतेम 50,000 वर्षं मागे जाता येतं, आणि त्यालाही एकेकाळी जिवंत असलेली वस्तू लागते. लाव्हाचं वय पोटॅशियम-आर्गॉनसारख्या पद्धतीने काढतात. पृथ्वीचं वय 1956 साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्केतल्या शिशावरून मांडलं. आठवीला इतकं पुरे.

सुतळी, आणि तिची गाठ

'पृथ्वीचं वय 24 तास धरलं तर माणूस शेवटच्या काही सेकंदांत' हे उदाहरण पोरं ऐकतात, हसतात आणि विसरतात. मी सुतळी वापरतो. 1 सेंटिमीटर म्हणजे 10 लाख वर्षं, त्यामुळे लांबी 45 मीटर 40 सेंटिमीटर. मैदान अपुरं पडलं तर शाळेच्या इमारतीला वळसा घाला. सुतळी ताणली की वाढते, म्हणून खुणा टेपने मोजूनच करा.

आजच्या टोकापासून मागे मोजत जा. 66 सेंटिमीटरवर डायनासोर संपतात. तिथेच आपल्या पाषाणाची खूण, कारण बहुतांश लाव्हा 10 लाख वर्षांच्या आतच वाहिला, म्हणजे सुतळीवर जेमतेम एक सेंटिमीटर. 2 मीटर 30 सेंटिमीटरच्या आसपास डायनासोर सुरू होतात. साडेपाच मीटरच्या आत डोळ्यांनी दिसणाऱ्या प्राण्यांची गर्दी उसळते. 24 मीटरवर हवेत ऑक्सिजन साठायला लागतो, 35 मीटरवर जिवाच्या जुन्या खुणा मिळतात.

इथे बहुतेक जण घाई करतात. साडेपाच ते पस्तीस मीटरमध्ये 'विशेष काही नाही' म्हणून सगळे पळत पुढे जातात. पोरांना तेवढं अंतर चालवा, गप्प. मध्येच कुणी तरी विचारतंच, "सर, इथे काहीच नाही?" आहे की. सूक्ष्म जीव आहेत, आणि तू घेतोस तो श्वास त्यांच्याच कृपेने. माझ्या वर्गात सगळ्यात चांगले प्रश्न त्या रिकाम्या सुतळीवर आले, डायनासोरपाशी नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली. माणसाची खूण म्हणून मी टोकाला गाठ मारली. एका मुलीने पट्टी लावली आणि म्हणाली, "सर, गाठ दहा मिलिमीटरची झाली, माणूस तर तीनच मिलिमीटर." गाठीतच मी आपला इतिहास तिपटीहून जास्त वाढवला होता. आता पेनाने रेघ मारतो.

माकडं माणूस का होत नाहीत?

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि 'माणूस माकडापासून झाला' हे वाक्यच त्याला जबाबदार आहे. भाऊबंदकीने समजावा. तुझा चुलतभाऊ तुझा आजोबा नाही ना? तुमचा आजोबा एक. चिंपांझी आपलं चुलत घराणं आहे. वाटणी साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी झाली. दोन्ही घराणी त्यानंतर आपापल्या वाटेने बदलली. कोंबडी डायनासोरांच्याच भाऊबंदांतली, हेही जाता जाता सांगा.

दशावताराचा विषय निघाला तर चिडू नका, टिंगलही नको. मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने उत्क्रांती समजावण्याचा मोह मला पूर्वी व्हायचा. पण त्यातून एकापेक्षा एक वरची पायरी असं चित्र डोक्यात बसतं आणि माणूस शेंड्यावर जाऊन बसतो. मासे आजही आहेत, मजेत आहेत. पोथी घरी आदराने वाचू द्या. वर्गात विहिरीतून काय निघालं ते बघू.

'आपल्या लाव्हानेच डायनासोर मेले' असा अभिमानही नको. मेक्सिकोच्या युकातान भागात आदळलेल्या लघुग्रहाकडे पुरावा जास्त झुकतो. दख्खनचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

तीन मिलिमीटर कसे उघडायचे

सुतळीवर माणूस दाखवून थांबलात तर पोरांना वाटतं आपण कस्पट. म्हणून पट्टी काढा, पण माप शंभरपट मोठं केलंय हे आधी मोठ्याने सांगा. नाही तर दोन मापांची खिचडी होते. आता 1 मिलिमीटर म्हणजे 1000 वर्षं. 30 सेंटिमीटरची पूर्ण फूटपट्टी म्हणजे आपल्या जातीचा सगळा इतिहास.

शून्यापासून मोजा. शिवरायांचा राज्याभिषेक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो. 4 मिलिमीटरच्या आसपास तापीकाठचे जुने शेतकरी, ज्यांच्या संस्कृतीला सावळदा या गावावरून नाव पडलं. 12 मिलिमीटरपाशी जगात शेती सुरू होते. आणि 25 मिलिमीटरवर चाळीसगावजवळचं पाटणे. तिथल्या पाटणादेवीला सगळी शाळा जाऊन आलेली असते, पण पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, हे कुणाला ठाऊक नसतं. एका कवचावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. "शहामृग? चाळीसगावला?" असा आवाज उठतो तेव्हा पाच मिनिटं काही शिकवू नका, बोलू द्या.

उरलेले साडेसत्तावीस सेंटिमीटर शिकार, कंदमुळं आणि भटकंतीचे.

वर्ग संपल्यावर सुतळी गुंडाळताना 454 कोटीचं टोक आत ठेवा आणि आजचं बाहेर. पुढच्या वर्षी ते आधी हाती येतं, आणि मोजणी आजपासूनच सुरू करायची असते. खिडकीतला तो गोल दगड मी आता टेबलावर ठेवतो, सुतळीच्या गुंडाळीवर वजन म्हणून.